दोन लाख आणि एक लाख : परदेशी शिष्यवृत्तीचा विसरलेला हिशेब

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा इथल्या वस्त्यांमधून इंजिनिअर झालेली मुले-मुली आता ‘एम.एस.’साठी अमेरिका, जर्मनी, इंग्लंडची नावे घेऊ लागली आहेत. त्यांना दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. घरचे म्हणतात, “एवढा पैसा आणायचा कुठून?” बाहेरचे म्हणतात, “तुमचं काय, तुम्हाला सरकार फुकट पाठवतं.” पहिल्या वाक्यात काळजी आहे, दुसऱ्यात हेटाळणी आहे. दोन्हींचे उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास आपल्याच तरुणांना पुरेसा माहीत नाही.

परदेशात शिकायला सरकारी खजिन्याने पैसे देणे ही दलितांसाठी काढलेली नवी पद्धत नाही. परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती, तिथे ती जुनीच होती. 1895 साली सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेल्या. त्यांचे वडील अघोरनाथ हैदराबादच्या निजाम कॉलेजचे प्राचार्य होते. त्या हुशार होत्या यात वाद नाही. प्रश्न असा की, त्याच खजिन्यात सारा भरणाऱ्या परभणीच्या गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पोराला 1895 साली साधी शाळा तरी दिसत होती का? प्रस्थापितांच्या मुलांना राज्याच्या पैशाने पाठवले तर तो ‘गुणांचा गौरव’ आणि आपल्या मुलांना पाठवले तर ‘फुकट’, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडून हैदराबाद गाठायचे आणि घरात न बोलली जाणारी भाषा शिकायची. ज्याच्या बापाला गावची कामे सोडून चालत नव्हते, त्याला हा रस्ता बंदच होता. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. औरंगाबादची निवड त्यांनी विचारपूर्वक केली होती. मराठवाड्याचे मागासलेपण हे त्या निवडीमागचे मुख्य कारण होते.

आता बाबासाहेबांच्या स्वतःच्या परदेशी शिक्षणाकडे पाहू. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियात एम.ए. करून ते लंडनला गेले, पण मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, कार्यालयात शिपाईसुद्धा विटाळ मानत होता. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनेहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर. म्हणजे कोलंबियाची पदवी असलेल्या माणसालाही दुसऱ्यांदा जाताना उसनवारी करावी लागली.

या अनुभवातून बाबासाहेबांनी काय धडा घेतला? एखादा राजा उदार निघाला तर एक आंबेडकर घडतो, पण समाज घडवायचा तर राजाची मर्जी पुरत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. चार महिन्यांच्या आत! ते निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे.

त्यातला शिक्षणाचा युक्तिवाद अगदी नेमका आहे. अस्पृश्यांची मुले कला आणि कायदा शिकतात याचे कारण त्यांना विज्ञान नको आहे असे नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचा खर्च त्यांना झेपत नाही. आणि समाजाला वर उचलणारे शिक्षण तर तेच आहे. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला दरवर्षी प्रत्येकी 3 लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींना का नाही? म्हणून त्यांनी 2 लाख रुपये देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी आणि 1 लाख रुपये परदेशातल्या शिक्षणासाठी मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारीचे प्रशिक्षण मिळावे, हीसुद्धा मागणी त्यात होती. कारखान्यातल्या उमेदवारापासून परदेशी विद्यापीठापर्यंतची पूर्ण शिडी त्यांनी मांडली होती.

सरकारने 3 लाखांची तरतूद मान्य केली. 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि अनुसूचित जातींचे निवडक विद्यार्थी सरकारी खर्चाने परदेशात गेले. स्वातंत्र्यानंतर 1954-55 मध्ये केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आली. महाराष्ट्रात 2003 मध्ये राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आली. ही सगळी त्या निवेदनाची वंशावळ आहे. ‘फुकट पाठवतात’ म्हणणाऱ्याला हे सांगा. ही खैरात नाही, हा मागून, भांडून, आकडे मांडून मिळवलेला हक्क आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद 46 ने त्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. पैसा आणायचा कुठून? परदेशी विद्यापीठ प्रवेश देताना आणि दूतावास व्हिसा देताना पैशाचा पुरावा मागतो. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण राहण्या-खाण्याच्या खर्चाचे वर्षाचे जवळपास 12 हजार युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. बँकेत जावे तर साडेसात लाखांपुढच्या कर्जाला साधारणपणे तारण लागते. तारण म्हणजे घर किंवा जमीन. इथेच परभणीचा इतिहास आडवा येतो. आपल्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णयही शासनाने घेतला. तरी कसणाऱ्या अनेकांच्या नावावर आजही सातबारा नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या पोराला बँकेत तारण नाही आणि तारण नाही म्हणून एम.एस. नाही. गायरानाचा लढा आणि परदेशी शिक्षणाचा लढा एकच आहे तो असा.

म्हणूनच शिष्यवृत्तीच्या अटी हा आपल्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. केंद्राच्या योजनेत जागा 125, त्यातल्या अनुसूचित जातींसाठी 115, त्याही संपूर्ण देशासाठी. राज्याच्या योजनेत 75. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवे. 2025 मध्ये केंद्राच्या योजनेत 106 जणांची निवड झाली आणि सुरुवातीला 40 जणांनाच पत्रे दिली गेली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास बघू, असे सांगितले गेले. परदेशी विद्यापीठ निधीची वाट बघत थांबत नाही, प्रवेशाची तारीख निघून जाते. 1917 साली बाबासाहेबांच्या बाबतीत जे मुदतीने केले, ते आज निधीची सबब करते.

आणखी एक डाव ओळखा. 2022 मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. इंजिनिअरिंगच्या मुलाला वाटेल, आपले काय गेले? बाबासाहेबांनीच तर तंत्रज्ञान मागितले होते! पण त्यांनी तंत्रज्ञान मागितले ते समाजशास्त्राचे दार बंद करून नव्हे. मे 1916 मध्ये कोलंबियात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आजच्या नियमाने त्या विषयासाठी शिष्यवृत्ती मिळाली नसती. आम्ही पूल बांधायला शिकावे पण जात कशी बांधली गेली हे विचारू नये, असा हा सौदा आहे. तो इंजिनिअरनेही नाकारला पाहिजे.

मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. 27 जुलै 1978 रोजी नामांतराचा ठराव झाला आणि परभणी-नांदेडच्या गावांत आपली घरे जळाली. विद्यापीठावर एक नाव यावे म्हणून सोळा वर्षे लढलेला, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार पाहिलेला हा समाज आहे. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा हीच परभणी रस्त्यावर आली आणि कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला तो परत आला नाही. शिकणाऱ्या पोराची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे.

तेव्हा कामाला लागू या. दोन्ही योजनांतून परभणी जिल्ह्यातले किती विद्यार्थी वर्षानुवर्षे गेले, याची जिल्हानिहाय माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. ‘निधी उपलब्ध झाल्यास’ हे शब्द निवडपत्रातून काढायला लावा. प्रत्येक तालुक्यातल्या विहारात वर्षातून एकदा अर्ज, क्रमवारी, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसा यांची माहिती देणारे शिबिर घ्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असणाऱ्यांना त्यात आधी बोलवा, कारण शेवटच्या वर्षी कळले तर वर्ष वाया जाते.

आणि जे जातील त्यांच्यासाठी एक आठवण. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचे आपले दुःख बोलून दाखवले होते. बडोद्याने त्यांच्याकडून दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला होता. समाज तुमच्याकडून कागद लिहून घेत नाही. पण तुमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलीचा अर्ज तुम्ही परदेशातून फोनवर बसून भरून घेतलात, तर त्या 1 लाखाच्या मागणीचा हिशेब पुढे सरकेल.

जय भीम!