तर्खडकरी वाक्याची कुळकथा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलात साठी ओलांडलेल्या शिकलेल्या माणसाला ‘इंग्रजी कशावर शिकलात?’ असं विचारलं, तर उत्तरात ‘तर्खडकर’ हे नाव येण्याची शक्यता बरीच असते. ‘कोणते तर्खडकर?’ असं पुढे विचारलं की मात्र गडबड होते. बहुतेक जण दादोबांचं नाव घेतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर थोरच; 1836 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं. पण तीन भागांची ती ‘भाषांतर पाठमाला’ त्यांची नव्हे. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. नाव मोठ्या माणसाच्या खाती जमा होणं हा आपल्याकडचा जुनाच हिशोब आहे.

याच आडनावाच्या एका घरात इंग्रजी अगदी वेगळ्या रीतीनेही शिकवलं गेलं. दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. 1878 साली विलायतेला निघालेला सतरा वर्षांचा रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या मुंबईच्या घरी येऊन राहिला तो इंग्रजी बोलणं सुधारायला. शिकवणारी होती आत्मारामांची विलायतेहून परतलेली मुलगी अन्नपूर्णा. पाठमाला नाही, नियम नाहीत, नुसत्या गप्पा. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिलं. मराठी घरांनी मात्र गप्पांची रीत घेतली नाही, भाषांतराची घेतली, आणि ती कित्येक पिढ्या टिकली.

ही भाषांतराची रीत म्हणजे आधी नियम, मग शब्दांची यादी, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी. वाक्यं एकमेकांना अनोळखी. पहिल्यात गोविंदाचा भाऊ आजारी, दुसऱ्यात राजाने किल्ला जिंकलेला, तिसऱ्यात मांजर टेबलाखाली. मासला बनवलेला आहे, पण शिकलेल्यांना ओळखीचा वाटेल. कुळकथा शोधायची ती या वाक्याची. कुठून आलं हे मांजर?

पाठ्यपुस्तकी उत्तर एका दमात सांगता येतं: जर्मनीतून. 1783 मध्ये योहान व्हॅलेंटिन मायडिंगर याने जर्मनांसाठी फ्रेंचचं असं पुस्तक काढलं. दहा वर्षांनी, 1793 मध्ये, योहान ख्रिस्तियान फिक याने तीच पद्धत इंग्रजीला लावली. इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात व्याकरण-भाषांतर पद्धतीचं पहिलं पुस्तक म्हणून फिकचंच नाव घेतात. मग 1834 मध्ये आखेनचा फ्रान्झ आन आणि 1835 मध्ये हाइनरिख गॉटफ्रीड ओलेनडॉर्फ आले. ओलेनडॉर्फ तर सहा महिन्यांत भाषा येईल असं सांगत असे. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्यांनी निदान भाव तरी खाली आणला! या घराण्यातल्या वाक्यांची चेष्टा युरोपात इतकी झाली की 1882 साली व्हिल्हेल्म फीटोर याने पद्धतच उलटवा म्हणून पुस्तिका काढली. पुढे इओनेस्कोला ‘टकली गायिका’ हे नाटक सुचलं तेही इंग्रजी शिकण्याच्या एका पुस्तकातली वाक्यं गिरवताना.

हे सगळं खरं आहे, पण अपुरं आहे. फिकच्या पुस्तकात इंग्रजी शिकणारा जर्मन आहे; शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात धनी-चाकराचं नातं नाही. आपल्याकडे मराठी आणि इंग्रजी छापील पानावर पहिल्यांदा शेजारी बसल्या तेव्हा शिकणारा साहेब होता आणि शिकायची भाषा मराठी होती. 1805 साली बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं. मथळ्यातच लिहिलं होतं की ओळखीच्या विषयांवरचे संवादही सोबत जोडले आहेत. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना शिकवत होता. त्या पोरांना चाकराशी, रयतेशी, कारकुनाशी बोलता यायला हवं होतं, म्हणून संवाद.

आता या कथेतला खरा धागा. केरी जन्मात महाराष्ट्रात आला नाही. त्याला मराठी शिकवली कुणी? कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथशास्त्री कानफाडे यांनी. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार त्यांना नागपूरकडचे मानतात. 1810 चा मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश, ‘सिंहासन बत्तिशी’ आणि 1816 ची रघूजी भोसल्यांची वंशावळी या सेरामपुरी पुस्तकांच्या मागे याच पंडिताचा हात आहे. पुणेकरांचा पेशवा गादीवर असताना सेरामपुरातून छापून निघते ती नागपूरकर भोसल्यांची वंशावळ, यातच सगळं आलं. 1813 मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना सेरामपूरचं मराठी बायबल चालेना आणि त्यांनी आपलं वेगळं भाषांतर सुरू केलं. म्हणजे मराठीचं माहेर पुणं ठरण्यापूर्वी काही वर्षं तरी छापील मराठीवर नागपूरकडची छाया होती. शेजारी-शेजारी मांडलेल्या मराठी-इंग्रजी पानाचा पहिला मराठी कारागीर काटोलपासून फार दूरचा नव्हता.

इथे जर्मन पक्षाचा वकील उठून म्हणेल: अहो, केरीचे ते संवाद, तर्खडकरांची ती सुटी वाक्यं. नातं कसलं? हरकत वजनदार आहे. संवादात बोलणाऱ्याला समोर माणूस असतो, आधीच्या वाक्याला पुढचं उत्तर देतं. पाठमालेत मांजर टेबलाखालून कुणाशीच बोलत नाही. सुटं वाक्य सेरामपूरचं नव्हे, हे मान्यच करायला हवं. पण दोन भाषा समोरासमोर ठेवून एकीची मापं दुसरीवर घ्यायची ही सवय मराठीत सेरामपुरापासून आहे, आणि ती जर्मनीहून यावी लागली नाही.

तिसरा दावेदार घरचाच आहे आणि त्याला आजवर कुणी फारसं विचारलेलं नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. 1860 च्या दशकात त्यांनी संस्कृतची ‘मार्गोपदेशिका’ लिहिली. इंग्रजी शाळांतल्या मुलांना संस्कृत शिकवायचं होतं आणि पाठशाळेची पद्धत, म्हणजे रूपावली, अमरकोश, मग काव्य, त्या वेळापत्रकात बसत नव्हती. भांडारकरांनी काय केलं? नियम, शब्दांची यादी, संस्कृतातून इंग्रजीत करायची वाक्यं, इंग्रजीतून संस्कृतात करायची वाक्यं. विलायती शाळांत लॅटिन शिकवायची हीच घडण होती. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं याच साच्यातून संस्कृत शिकून बाहेर पडली, आणि त्यांतलेच पुढे शिक्षक झाले.

या लेखाचा कौल भांडारकरांच्या बाजूने आहे. तर्खडकरांच्या पाठाचा सांगाडा पाहा: तोच क्रम, तेच दुहेरी भाषांतर, तीच सुटी वाक्यं. आन आणि ओलेनडॉर्फ शोधायला युरोपात कशाला जायचं, जेव्हा साचा शाळेच्या कपाटात होता? मराठी मुलगा इंग्रजी शिकला तो संस्कृत शिकण्याच्या नव्या रीतीने. आणि ती रीत मुळात इंग्रज मुलाच्या लॅटिनची. म्हणजे लॅटिन, संस्कृत, इंग्रजी अशी ही वंशावळ. जर्मनी चुलत घराणं.

काटोलात मात्र या पाठमालेने एक वेगळीच पंचाईत केली. नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, आणि मुंबई राज्यात काटोल आलं ते थेट 1956 मध्ये. म्हणजे शंभर वर्षं इथल्या शाळा वेगळ्या प्रांताच्या, आणि पाठमाला मुंबईची. तिच्यातलं मराठीही मुंबई-पुण्याचं. चालू वर्तमानकाळाचा नियम घ्या. ‘तो जात आहे’ म्हणजे ‘ही इज गोइंग’. काटोलच्या घरात ‘जात आहे’ असं कोण म्हणतं? ‘कुठी जाऊन राहिला बे?’ ‘वावरात जाऊन राहिलो.’ मुलाला आधी घरच्या ‘जाऊन राहिलो’चं पुस्तकी ‘जात आहे’ करावं लागे आणि मग त्याचं इंग्रजी. एका भाषांतराच्या पोटात दुसरं भाषांतर. गुण मिळायचे फक्त दुसऱ्याला.

गंमत म्हणजे ‘राहिलो’वालं रूप इंग्रजीच्या जवळ आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जाऊन राहिलो’ यांत इथलं कानाकोपऱ्यातलं पोर कधी गफलत करत नाही. इंग्रजीलाही सवयीचं जाणं आणि आत्ताचं जाणं वेगळं लागतं. शिक्षकाने फळ्यावर ‘जाऊन राहिला’ लिहिलं असतं, तर अर्धा पाठ तिथेच संपला असता. पण ते ‘अशुद्ध’. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा 1905 सालचा मराठीचा खंड अशुद्ध-शुद्ध मानत बसला नाही. त्यात नागपुरीला आणि वऱ्हाडीला स्वतंत्र जागा आहे, आणि बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट नागपुरीत देऊन शब्दाखाली इंग्रजी शब्द बसवलेला आहे. काटोलच्या बोलीला इंग्रजीच्या थेट समोर बसवणारं असं छापील पान दुसरं सापडणं अवघड. ते शाळेत मात्र कधी आलं नाही.

मधली वर्षं भराभर सांगता येतील. ढाक्यात मायकेल वेस्टने आधी वाचन, मग बाकीचं असं सांगितलं. मद्रासेतून रचना पद्धत निघाली. 1958 मध्ये हैदराबादला इंग्रजीची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. 1967 मध्ये बालभारती आली. 1979 पासून एन. एस. प्रभू यांनी बंगळूरला नियम न सांगता कामं देऊन भाषा शिकवण्याचा प्रयोग केला आणि त्याचं नाव जगभर झालं. 2000 मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. कागदोपत्री भाषांतर बाद झालं. खासगी क्लासात आणि घरच्या अभ्यासात ते तसंच राहिलं, कारण आई-बापाला मुलाचं इंग्रजी तपासायला दुसरी मोजपट्टी नव्हती.

मग मोबाइल आला, आणि तर्खडकर परत आले. 2011 मध्ये लुइस फॉन आन आणि सेव्हेरिन हाकर यांनी ड्युओलिंगो काढलं. पडद्यावर एक वाक्य येतं, खाली शब्दांच्या चकत्या असतात, त्या जुळवून भाषांतर करायचं. वाक्यांचा मागच्या-पुढच्याशी संबंध नाही. विचित्र वाक्यांसाठी तर हे अ‍ॅप प्रसिद्ध आहे. ओलेनडॉर्फच्या काळातले टवाळखोर आज असते, तर त्यांना नवं काहीच वाटलं नसतं. 1834 चा फ्रान्झ आन आणि 2011 चा लुइस फॉन आन ही आडनावं पाहून कुळकथा लिहिणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, पण आडनावांचा मेळ हा पुरावा नव्हे. मोह आवरलेला बरा.

खरा पुरावा धंद्यात आहे. ड्युओलिंगोची मूळ कल्पना अशी की शिकणाऱ्यांनी शिकता-शिकता इंटरनेटवरची पानं भाषांतरित करावीत आणि त्यावर कंपनी चालावी. शाळेच्या वहीत फुकट जाणारी भाषांतरं विकायची, एवढाच नवा भाग. या अ‍ॅपवर हिंदीतून इंग्रजी शिकण्याची सोय आहे, आणि तिथे काटोलच्या मुलाचं एक जुनं दुखणं बरं होतं. ‘जा रहा है’ आणि ‘जाऊन राहिला’ सख्खी भावंडं आहेत. जे मुंबईच्या पाठमालेला जमलं नाही, ते हिंदीच्या आडवाटेने साधतं. याला मराठीचं यश म्हणता येणार नाही.

यंत्राचं शिकणंही याच कुळातलं. गूगलचं भाषांतर 2006 मध्ये सुरू झालं ते संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांसारख्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या भाषांच्या ढिगाऱ्यावर. 2017 मध्ये मराठीलाही त्याची न्यूरल जोडणी मिळाली. नियम पाठ करून नव्हे, तर हजारो-लाखो जोड्या पाहून यंत्र भाषांतर शिकतं. पंडित कानफाड्यांनी सेरामपुरात जे पान मांडायला हातभार लावला, त्याच जातीचं पान यंत्राला खायला लागतं. आणि यंत्राची अडचणही काटोलच्या मुलाचीच आहे: त्याला मिळणाऱ्या जोड्यांत ‘जात आहे’ ढिगाने असतं, ‘जाऊन राहिला’ शोधावं लागतं. ‘मले’, ‘तुले’, ‘येजो’ यांची तर बातच सोडा.

म्हणून काटोल, नरखेड, सावनेरकडच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तर्खडकर पाठमालेचा भाग पडला असेल, तर रद्दीत घालण्याआधी चाळून पाहा. आवृत्तीचं वर्ष, विकणाऱ्याचा शिक्का, आणि मुख्य म्हणजे समासात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं. त्या समासात कुणा पोराने ‘जात आहे’ खोडून ‘जाऊन राहिला’ लिहिलेलं दिसलं, तर ते पान फोटो काढून तालुक्याच्या ग्रंथालयात द्या. इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात काटोलची बाजू सांगणारा तेवढा एक कागद तरी हाती लागेल.