हात थरथरतो, पण कधी?

परवा बाबांचा कप बशीवर खडखडला आणि मी घाबरून थेट ‘पार्किन्सन’ सर्च केलं. सापडला १८१७ सालचा लंडनचा डॉक्टर जेम्स पार्किन्सन. त्याच्या निबंधात रुग्ण फक्त सहा, त्यातले काही तर रस्त्यात दिसलेले! (एवढ्याशा डेटावर आमच्याकडे कोणी बटणाचा रंगही बदलणार नाही.) पण त्याने नेमकं टिपलं: हात स्वस्थ असतानाच थरथरतो. रोगाला त्याचं नाव पुढे फ्रान्सच्या शार्कोने दिलं. बाबांचा हात उलट कप उचलतानाच थरथरतो. थायरॉइड, दम्याचं औषध, घराण्यातून आलेला कंप, कारण काहीही असेल. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मात्र थरथर अचानक सुरू झाली, सोबत जीभ अडखळली किंवा एक बाजू लुळी पडली, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच क्षणी हॉस्पिटल.