वनरोपण आणि भूमीचा हक्क

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जेथे नव्हती तेथे ती आणवून लावली. मार्गांवर विहिरी खणल्या व झाडे लावली, असे त्यात नमूद आहे. अशोकाची धम्मलिपी कोकणातही कोरली गेली होती. सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये मिळाला. कोकणच्या दक्षिण भागाचा, विशेषतः मालवण किनाऱ्याचा विचार करताना या परंपरेतील एक प्रश्न आम्हास महत्त्वाचा वाटतो. झाड लावावे कोणी, आणि कोणाच्या भूमीवर?

पहिल्या भागाचे उत्तर पाली वाङ्मयात आहे. विनयानुसार भिक्षूस भूमी खणता येत नाही व वनस्पतीही तोडता येत नाही. या दुसऱ्या नियमाच्या विवरणात रुजण्याचे पाच प्रकार दिले आहेत. हळद व आले मुळापासून, वड, पिंपळ व उंबर खोडापासून, ऊस व बांबू पेरापासून, तुळशीच्या कुळातील वनस्पती शेंड्यापासून, तर धान्य व कडधान्य बीजापासून वाढते. मालवणच्या परसातील शेतकरी हे ज्ञान आजही वापरतो. भिक्षूने खणावयाचे नाही, म्हणजे रोपणाचे कर्तव्य उपासकाकडे येते. संयुक्त निकायातील वनरोप सुत्तात बाग व वन लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाणपोई व विहीर देणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे म्हटले आहे. ही सर्व कामे वाटसरूच्या उपयोगाची आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु लावणे आणि जगविणे यांत अंतर आहे. सिंधुदुर्गात आज सर्वत्र दिसणारा काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आणला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या सुधारित जाती दिल्या. तरीही जांभ्या दगडाच्या भूमीत कलम आपोआप तग धरीत नाही. उन्हाळ्यात खड्डा खणून तो चांगली माती व शेणखताने भरावा लागतो. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर कलम लावावे, जोड मातीच्या वर ठेवावा, जोडाखालची फूट वेळोवेळी काढावी, वाऱ्यासाठी काठीचा आधार द्यावा. पावसाळा सरल्यावर बुंध्याभोवती गवताचे आच्छादन व पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिले तरच ते रुजते. मग फळासाठी आणखी काही वर्षे थांबणे आलेच.

इतकी वर्षे कोण थांबेल? ज्यास उद्या भूमी आपल्या हाती राहील याची खात्री आहे, तोच. सिंधुदुर्ग हा १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि त्या जिल्ह्यात खोती पद्धती खोलवर रुजली होती. बेदखलीच्या भयात वावरणाऱ्या कुळाने भात पेरावे, कारण ते चार महिन्यांत हाती येते. आंबा लावावा तर फळ दुसऱ्याच्या घरी जाण्याचा धोका. भूमिहीन महार कुटुंबास तर एवढाही पर्याय नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ चा म्हणून, अस्तित्वात आला.

आमच्या मते हे विधेयक वनरोप सुत्ताच्या आशयास पूरक आहे. सुत्त उपासकास रोपणाचे कर्तव्य सांगते. बाबासाहेबांचा लढा ते कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारी भूमी मागतो. म्हणून आज विहाराच्या आवारात किंवा वस्तीच्या वाटेवर झाड लावताना दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. पुढील तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, आणि ती जागा कागदोपत्री कोणाच्या नावे आहे. या दोन्हींची व्यवस्था झाली, तरच त्या सावलीत उद्याचा वाटसरू निर्धास्त बसेल.