साणं बुजलं आणि चूल अंगणात आली

धाराशिव जिल्ह्यातल्या स्वयंपाकघराचा इतिहास सांगताना बहुधा एकच मांडणी केली जाते. आधी चूल होती, मग रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला आणि चूल मागे पडली. उपकरणांची अशी रांग लावली की इतिहास सरळ दिसतो. पण उमरगा-लोहारा भागातल्या पुनर्वसित गावांचा कालक्रम या रांगेत बसत नाही. तिथे चूल घराबाहेर पडली ती १९९३ च्या भूकंपानंतर नवी घरं ताब्यात मिळाली तेव्हा. गरिबाघरी गॅसची टाकी मोठ्या प्रमाणावर पोचली ती २०१६ नंतर, उज्ज्वला योजनेतून. मधली वीसेक वर्षं अनेक घरांत स्वयंपाकाची खोली होती, पण तिच्यात चूलही नव्हती आणि गॅसही नव्हता. म्हणजे चूल गॅसने हलवली नाही, स्लॅबने हलवली. घरात विस्तव कुठे राहणार हे उपकरणावर ठरत नाही, धुराला वाट कुठून आहे यावर ठरतं, आणि ती वाट छतात असते. छताचा इतिहास बाजूला ठेवून चुलीचा इतिहास लिहिला की तो हमखास चुकतो.

थंड मुलखात हे गवंड्यालाही ठाऊक असतं. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या घरांच्या भिंतीत बांधलेली शेकोटी असते आणि तिच्यावर थेट छतापार गेलेलं विटांचं धुराडं. लाकडाचा व्याप नको झाला की लोक त्याच कोनाड्यात गॅसवर चालणारी पेटी बसवतात. पण जाणता कारागीर पेटीची निवड आधी करत नाही. तो आधी धुराडं तपासतो. काजळी किती धरली आहे, सांधे फुटले आहेत का, आतली पोकळी केवढी आहे, हे बघतो. मग त्या पोकळीतून वरपर्यंत धातूची नळी सोडतो, कारण आता बाहेर पडणारी हवा लाकडाच्या धुराइतकी तापलेली नसते. ती रुंद धुराड्यात निवते, वर चढत नाही आणि तिच्यातली वाफ विटांना धरते. कोनाडा जुना, विस्तव नवा, आणि दोघांचं जमेल की नाही हे वरची वाट ठरवते. महाबळेश्वरच्या साहेबी बंगल्यांतही अशा शेकोट्या आहेत. धाराशिवच्या हवेला त्यांची गरज कधी पडली नाही. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, सुरुवातीला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गात राहून कारभार पाहत होता, पण इथल्या घरबांधणीत शेकोटी काही रुजली नाही. इथला विस्तव भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी. अंग शेकायला पेटवायचा तो दारापुढे, तोही थंडीतले चार दिवस.

धुराडं मात्र इथेही होतं, फक्त ते भिंतीत नव्हतं. बालाघाटाच्या पठारावरचं जुनं घर म्हणजे माळवद. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर तो थर दुरुस्त करायचा, वर नवी पांढरी माती पसरायची. बाहेरच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नसत. उन्हाची झळ आणि चोर या दोघांचाही बंदोबस्त त्यात होता. मग उजेड येणार कुठून? तर छताला ठेवलेल्या हात-दीड हात भोकातून, म्हणजे साण्यातून. साण्यातून सकाळी उन्हाचा कवडसा उतरे आणि त्याच साण्यातून चुलीचा धूर वर जाई. पाऊस आला की माळवदावर चढून ते झाकायचं आणि उघडीप झाली की काढायचं, हे घरातल्या पोरांचं काम. धूर सरळ वर जाई असं मात्र नाही. तो आधी तुळयांत रेंगाळे, लाकूड काळंभोर करी, आणि त्या काजळीने लाकडाला कीड लागत नाही असं जुनी माणसं सांगत. खाली मातीची चूल, तिच्या कुशीत आळणाचं भांडं ठेवायला वैल, शेजारी फुंकणी, रोज सकाळी पोतेरं. ही चूल बहुतेक घरांत बायका स्वतः घालत. कुंभाराकडून विकत आणायची ती उचलती चूल. तेरसारख्या, कुंभार संत गोरोबाकाकांच्या गावातही घरची मुख्य चूल घरच्याच हातची असे. चूल आणि साणं मिळून एकच व्यवस्था होती. खालचा भाग बाईच्या ताब्यात, वरचा गवंड्याच्या.

या व्यवस्थेत दोष होता हे सरकारदरबारी फार लवकर ओळखलं गेलं. आणि इथे धाराशिवचा एक विसरलेला संबंध निघतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि बिनधुराच्या चुलीवरच्या देशातल्या सुरुवातीच्या गंभीर कामांपैकी एक हैदराबादेत झालं. तिथल्या इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका काढली. एकाच जाळावर एकामागे एक भांडी, उरलेल्या आचेवर पाणी आणि शेवटी छताबाहेर गेलेलं धुराडं, अशी ती रचना होती. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाची मगन चूल निघाली होती. पुढे १९८३ पासून केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. महाराष्ट्रात नंतरच्या टप्प्यात त्याची तांत्रिक बाजू पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने सांभाळली आणि धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल गावोगाव गेली. २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला. गोबर गॅसची वाटही खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून धरली होती. पण एका घनमीटर गॅसला रोज पंचवीसेक किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे गणित किती घरांना जमणार?

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. धुराची वाट हेच सगळ्याचं मूळ असेल, तर धुराड्याच्या चुली अपयशी का ठरल्या? त्यांनी तर नेमकी वाटच करून दिली होती. उत्तर माळवदात आहे. मातीच्या छताला नवं भोक पाडून त्यातून पाइप काढणं म्हणजे दर पावसाळ्यात त्या सांध्यातून गळती ओढवून घेणं. जुन्या साण्याला कड बांधलेली असे, पाइपाभोवती मातीचा लपका लागे आणि तो पहिल्या वळवाला सुटे. शिवाय धुराडं काजळीने चोंदतं, महिन्यात एकदा तरी झाडावं लागतं, आणि झाडायला छतावर जावं लागतं. योजनेने चूल दिली, छत दिलं नाही. चुलीचा हिशोब उद्दिष्टाच्या आकड्यांत बसत होता, छताचा कुणाच्याच खात्यात बसत नव्हता. म्हणजे हे अपयश माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याच्याच बाजूने बोलतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हादरली आणि लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजचं धाराशिव) यांच्या सीमेवरची गावं झोपेतच गाडली गेली. किल्लारीचं नाव या भूकंपाला चिकटलं, पण सास्तूर, होळी, राजेगाव ही उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंही तितकीच उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं मेली ती बहुतांशी त्याच जाड भिंतींखाली आणि मातीच्या थराखाली. माळवदावरचा विश्वास त्या एका पहाटेत संपला. ज्यांची घरं उभी राहिली, त्यांनीही वरची माती खाली उतरवून पत्रे घातले. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. कुटुंबाची जमीन बघून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. घरं भूकंपाला टिकतील अशी होती, आणि तेव्हा तोच प्रश्न पहिला होता, हे मान्यच करायला हवं. पण सिमेंटच्या सपाट छताला साणं नव्हतं. अडीचशे चौरस फुटांच्या घरात तुराट्यांची चूल पेटवली की काही मिनिटांत धूर छताला थडकून खाली बसायचा आणि पांढऱ्या भिंती पिवळ्या व्हायच्या. मग घरामागे किंवा दारासमोर पत्र्याची छपरं उभी राहिली आणि चूल तिथे गेली. नकाशातली स्वयंपाकाची खोली धान्याच्या पोत्यांना आणि निजायला कामी आली.

या रिकाम्या झालेल्या खोलीत पुढे गॅस शिरला, आणि शिरताना त्याने आपल्या अटी आणल्या. शेगडी टाकीपेक्षा उंच ठेवायची, टाकी उभी ठेवायची. म्हणजे ओटा हवा, निदान शहाबादी फरशी दोन बाजूंच्या विटांवर टाकून केलेला तरी. ओटा आला की बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. धूर हलका, तो वर जातो. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, उंबऱ्याशी अडतो. साण्याने धुराचा प्रश्न अर्धामुर्धा सोडवला होता, पण गॅसगळतीला साण्याचा काडीचाही उपयोग नाही. तिला वाट खाली, फरशीच्या पातळीवर हवी. नव्या विस्तवाला घर पुन्हा वेगळं लागतं, याची दखल कनेक्शन देताना किती ठिकाणी घेतली गेली? टाकी आली, नळी जोडली, फोटो निघाला.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हलका नाही. उज्ज्वलाची सुरुवात १ मे २०१६ ला झाली. १४.२ किलोची टाकी २०२२ मध्ये हजाराच्या वर गेली. सरकारने उज्ज्वला ग्राहकांना आधी दोनशे, मग तीनशे रुपये सवलत दिली, सर्वांसाठीही किंमत उतरवली. तरी रोजंदारीवरच्या घराला एकरकमी तेवढे पैसे काढणं जड जातं, आणि शेतातल्या तुराट्या, धसकटं, गोवऱ्या, बांधावरची वेडी बाभूळ यांना रोख मोजावी लागत नाही. म्हणून चूल टिकली, असं म्हटलं जातं. हे अर्धं खरं आहे. किंमत वर्षाला किती टाक्या भरायच्या हे ठरवते. चूल कुठे असावी हे ती ठरवत नाही. पैशाचाच प्रश्न असता तर वीस एकरवाल्याच्या घरी चूल दिसायला नको होती. ती दिसते. दोन टाक्या असणाऱ्या घरातही मागच्या छपरात हंडाभर पाणी तापतं, सणाला पुरणाची डाळ शिजते आणि ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात. भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची, एक बाजू फुगली की फिरवायची. सगळ्या कडेला सारखी धग लागते आणि पापुद्रा सुटतो. शेगडीच्या ज्योतीवर तीच भाकरी मधोमध करपते, कडा कच्च्या राहतात. हे चोचले नाहीत, दिवसाला पंचवीस भाकरी करणाऱ्या बाईचा तो हिशोब आहे. महामार्गावरच्या ढाब्यांनी ‘चुलीवरचं’ अशी पाटी लावून या हिशोबाचे पैसे केले, ती गोष्ट निराळी.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळं माळवदाचं आणि चुलीचं गुणगान झालं. तसं नाही. माळवदाने माणसं मारली, आणि साण्यातून जाणारा धूर आधी स्वयंपाक करणारीच्या छातीतून जात होता. घरातल्या धुराने जगात २०२० साली ३२ लाख लोक मेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा मागे जायचं नाहीच. तक्रार एवढीच, की माळवद टाकून देताना त्यातलं धोक्याचं ओझं आणि कामाचं भोक यांत फरक केला गेला नाही. दोन्ही एकाच मलब्यात गेली. बाहेरच्या छपरात धूर मोकळा झाला हे खरं. पण पावसात, वाऱ्यात, रात्री एकटीने बाहेर बसून रांधायचं ओझंही त्याच बाईवर आलं. त्याची नोंद कुठल्याच अहवालाच्या मथळ्यात नाही.

आज जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुलं उभी राहत आहेत. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे भूकंपानंतरच्या सगळ्यात लहान घराहून जेमतेम वीस चौरस फूट जास्त, आणि नियमाप्रमाणे त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली. कळंब असो, वाशी असो, परंडा असो, ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे त्यांनी गवंड्याला दोन गोष्टी आत्ताच सांगाव्यात. ओट्यावरच्या भिंतीत छतालगत एक झरोका ठेवायचा, आणि टाकीजवळ फरशीला टेकून दुसरा. स्लॅब पडल्यावर गवंडी परत येत नाही.