लेव्हिट आणि पुत्र : साठ डॉलर भाड्याची घरे आणि पंचविसावे कलम

शहरात भाड्याची जागा शोधण्याची पायपीट तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. भाडे पटते, अनामत रक्कम पटते आणि नाव सांगताच जागा 'कालच दिली' असे उत्तर मिळते. हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत एका बापलेकांच्या पेढीने घरबांधणीचा धंदा मुळापासून बदलून टाकला, आणि हाच प्रश्न तिच्या इतिहासातही सापडतो.

अब्राहम लेव्हिट हे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मले. गरिबीमुळे लहानपणीच शाळा सुटली. मिळेल ते काम करीत त्यांनी स्वतःच्या जोरावर वाचन केले, पुढे कायद्याचे शिक्षण घेतले आणि ते वकील झाले. १९२९ साली त्यांनी 'लेव्हिट अँड सन्स' ही पेढी काढली. थोरला विल्यम विक्री व व्यवहार पाही, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढी आणि वडील बागा व झाडे लावण्यात रमत. दुसऱ्या महायुद्धात नॉरफोक येथे संरक्षण कामगारांसाठी घरे बांधताना झटपट बांधकामाचा धडा त्यांना मिळाला.

या युद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी लष्करी सेवा केली. मंदी आणि युद्ध यांमुळे पंधरा वर्षे नवी घरे फारशी झालीच नव्हती. परतलेले जवान बायकामुलांसह नातेवाइकांच्या एखाद्या खोलीत दिवस काढीत होते. १९४७ मध्ये लेव्हिट यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेते घेतली. तेथे जे उभे राहिले, ते लेव्हिटटाऊन.

त्यांची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. कारखान्यात माल सरकतो आणि कामगार जागेवर असतो. येथे घर जागेवर आणि कामगार सरकत असे. एका घराच्या बांधणीचे त्यांनी सव्वीस-सत्तावीस टप्पे पाडले. एक टोळी फक्त पाया घाली, दुसरी फक्त फरशी बसवी. रंगाऱ्यांतही पांढरा लावणारा वेगळा आणि लाल लावणारा वेगळा. तळघराला फाटा देऊन घर थेट काँक्रीटच्या लादीवर उभारले जाई. त्यासाठी स्थानिक नियम बदलून घेण्यात आला. लाकूड स्वतःच्या गिरणीतून, खिळेही स्वतःच्याच कारखान्यातून! कामगार संघटनांना मात्र त्यांनी दूरच ठेवले. १९४८ मध्ये दिवसाला तीस घरे पुरी होऊ लागली. १९५१ पर्यंत एकूण १७,४४७ घरे झाली.

भाडे महिना ६० डॉलर. १९४९ पासून घरे ७,९९० डॉलरना विकली जाऊ लागली आणि माजी जवानांना आगाऊ रक्कमही भरावी लागत नसे. यात पेढीची हुशारी होती, तशीच सरकारचीही मोठी मदत होती. १९३४ पासूनची गृहकर्जाची सरकारी हमी आणि १९४४ चा माजी सैनिकांचा कायदा नसता, तर हे घडणे कठीण होते.

आता दुसरी बाजू. सुरुवातीच्या भाडेकराराचे पंचविसावे कलम असे होते, की घरकामाचे नोकर सोडून गौरवर्णीयांखेरीज कोणालाही या घराचा वापर करू देऊ नये. कर्जाची हमी देणारे सरकारी खातेही त्या काळी अशाच वस्त्या पसंत करी. वर्णावर आधारलेली अशी बंधने न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. कलम गेले, रिवाज राहिला. १९६० मध्येही तेथील वस्तीत कृष्णवर्णीय रहिवासी जवळपास नव्हतेच.

विल्यम लेव्हिट यांचे म्हणणे असे, की आपण स्वतः ज्यू असल्याने आपल्या मनात द्वेष नाही; पण एका कृष्णवर्णीय कुटुंबाला घर दिले, तर गोरी गिऱ्हाइके येणार नाहीत. मला हे पटत नाही. ज्या घरांसाठी माणसे रात्रंदिवस रांगेत उभी राहत, त्यांना गिऱ्हाईक मिळाले नसते काय?

१९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हानियातील दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये विल्यम व डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने मूळ मालकाकडून घर विकत घेतले. ती पदवीधर, तो माजी सैनिक. घरापुढे जमाव जमला, दगडांनी काचा फुटल्या, आठवडेच्या आठवडे छळ चालला. राज्य सरकारने न्यायालयाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा तो थांबला. मायर्स कुटुंब हटले नाही. शेजारचे एक ज्यू कुटुंब त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

न्यू जर्सीत पेढीने १९५८ मध्ये तिसरी वसाहत सुरू केली. घर नाकारलेल्या दोघा कृष्णवर्णीयांनी तक्रार केली. सरकारी हमीवर उभ्या राहिलेल्या घरांना भेदभावबंदीचा कायदा लागू आहे, असा निकाल १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि पेढीला घरे विकावी लागली.

पालकांनी येथे एक हिशेब पाहावा. ७,९९० डॉलरची ती घरे पुढे लाखो डॉलरांची झाली. अशा घरावर कर्ज काढून किंवा ते विकून गोऱ्या कामगाराने मुलांना कॉलेजात धाडले. ज्याला घर नाकारले, त्याच्या मुलांची ही पुंजीही गेली. घरांच्या विक्रीतील वर्णभेदाला मनाई करणारा देशव्यापी कायदा १९६८ मध्ये आला, तोवर स्वस्त घरांचा तो काळ सरला होता.

त्याच वर्षी पेढी आय. टी. टी. या कंपनीला सुमारे ९ कोटी २० लाख डॉलरच्या शेअर्सच्या मोबदल्यात विकली गेली. पुढे शेअर्स कोसळले आणि १९९४ मध्ये विल्यम लेव्हिट वारले, तेव्हा ती दौलत उरली नव्हती. न्यूयॉर्कच्या लेव्हिटटाऊनमध्ये कृष्णवर्णीय आजही अगदी थोडे आहेत. न्यू जर्सीच्या वसाहतीने १९६३ मध्ये विलिंगबरो हे आपले जुने नाव परत घेतले. तेथे आज बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आहेत.