एका अंगणातल्या तीन शाळा

मी भिवंडीत पालिकेच्या मराठी शाळेत बाई होते. हल्ली विविधता साजरी करा म्हणून वरून पत्र येतं, मग पोरांना भाड्याचे फेटे बांधून फोटो काढतात. आमच्याकडे असलं काही करावं लागत नसे.

या गावात माणसं आणली ती मागानं. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी इथलेच. 1857 नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर आले. पुढे यंत्रमाग वाढले तसे नलगोंडा, वरंगळ, करीमनगरकडचे पद्मशाली पद्मानगरात राहू लागले. बाप लूमवर, आई कांड्या भरायला. पोरं मग शाळेत. पालिकेनं मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा शाळा काढल्या. 1967 साली निघालेल्या बालभारतीची पुस्तकंही मराठीबरोबर उर्दूत आणि तेलुगूत मिळत.

आमच्या इमारतीत मराठी, उर्दू आणि तेलुगू ही तीन माध्यमं पाळीपाळीनं भरत. नवरात्रात आमच्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरत. त्याच दिवसांत तेलुगू मुली ताटात तरवड, कुर्डू, झेंडूचे थरावर थर रचून बतुकम्मा उभारत आणि टाळ्या वाजवत तिच्याभोवती फिरत. एकदा खिरापतीच्या डब्यात तेलुगू बाईंनी मलिदा पाठवला. खिरापत ओळखताना आमच्या मुली लाडू, करंजी, वड्या म्हणत थकल्या. ओळखला तो गॅलरीत रेललेल्या उर्दू शाळेतल्या पोरीनं. तिच्या घरी नियाजला तोच होई.

भिवंडीचं नाव बाहेर निघतं ते 1970 आणि 1984 च्या दंगलींमुळे. दोन्ही वेळा महिना मे, म्हणजे शाळांना सुट्टी. शाळा चालू असत्या तर दंगल टळली असती, असलं भाबडं मी म्हणणार नाही. गावातली शांतता पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या मोहल्ला कमिट्यांनी कमावली. 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आमच्या शाळेत प्रत्येक पाळीला प्रतिज्ञा व्हायची, ज्या त्या भाषेत. ती मुळात तेलुगूत लिहिलेली आहे, 1962 साली विशाखापट्टणमला. लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे पद्मानगरातल्या कितीतरी पोरांच्या आजोळचे. पुस्तकात प्रतिज्ञेखाली त्यांचं नाव नसे, त्यामुळे त्या पोरांना हे कुणी सांगितलंच नाही. आता त्यांचीच मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि तेलुगूचे वर्ग ओस पडत चाललेत.