नौका शाकारण्यापूर्वीच बदलावे इंजिन ऑईल

पावसाळी मासेमारीबंदी लागू झाली, की कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौका ओढून शाकारल्या जातात. २०२५ मध्ये महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. या काळात जाळ्यांची डागडुजी होते, लाकूडकाम व रंगकाम होते. इंजिनातील ऑईल मात्र पुष्कळदा ऑगस्टपर्यंत जुनेच राहते. इंजिन बंदच राहणार, मग नवे ऑईल आताच कशाला, असा त्यामागील हिशेब असतो. हंगामाअखेरीस हाती पैसा कमी असतो, हेही खरेच. तरीही हा हिशेब उलटा आहे.

ऑईल केवळ वंगण म्हणून काम करीत नाही. ज्वलनातून निर्माण होणारी काजळी, ओलावा आणि आम्ले तेच सामावून घेते. आम्लांना निष्प्रभ करणारी अल्कधर्मी द्रव्ये नव्या ऑईलमध्ये असतात आणि वापराबरोबर ती संपत जातात. चालत्या इंजिनातील ओलावा उष्णतेने उडून जातो. बंद इंजिनात तो आम्लासह बेअरिंगच्या मऊ धातूवर तसाच बसून राहतो. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळू लागले. त्यातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असल्याने गंधकाम्लाचा त्रास घटला आहे. ओलावा आणि काजळी मात्र कायम आहेत.

बर्फाळ देशांत हिवाळ्यासाठी नौका पाण्याबाहेर काढताना हाच प्रश्न पडतो. साठवणीच्या काळात नव्या ऑईलमध्येही थोडा दमटपणा शिरेल, ही तेथील नौकामालकांची शंका अगदीच निराधार नाही. परंतु हंगामाच्या आरंभी इंजिन पुरेसे तापले, की तो निघून जातो. बेअरिंगवर पडलेले गंजाचे खड्डे मात्र भरून येत नाहीत.

शेवटच्या फेरीनंतर इंजिन गरम असतानाच ऑईल काढणे योग्य. पातळ झालेल्या ऑईलबरोबर तळाचा गाळही निघतो. नौकेत इंजिनाखाली भांडे ठेवण्यास जागा नसते, त्यामुळे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ते उपसावे लागते. फिल्टरही त्याच वेळी बदलावा. नवे ऑईल भरून इंजिन काही मिनिटे चालविल्यास त्याचा थर सर्व भागांवर पसरतो. मात्र तेव्हा थंडाव्याच्या पाण्याचा पुरवठा सुरू हवा.

काढलेले ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलरची गळती ही त्याची नेहमीची कारणे. हा दोष जूनमध्ये कळला तर दुरुस्तीला दोन महिने मिळतात. ऑगस्टच्या तोंडावर कळला, तर मेकॅनिकची वाट पाहण्यात हंगामाचे पहिले, मोलाचे दिवस जातात.

लहान होड्यांवरील टू-स्ट्रोक आऊटबोर्ड यंत्रांना ऑईलची वेगळी टाकी असली, तरी बदलण्याजोगे संपातील ऑईल नसते. पंख्यालगतच्या गिअरपेटीतील ऑईल मात्र बदलावेच लागते. तेथील सील झिजून पाणी शिरले असेल, तर गिअर व बेअरिंग पावसाळाभर गंजत राहतात.

वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते बंदरात ओतणे बेकायदा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच ते द्यावे लागते.